माळ पडीक नसतो

बारामती-इंदापूर म्हटले की ऊस, साखर कारखाने आणि नीरेचे कालवे आठवतात. कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही, तिथे मात्र सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीचा माळ लागतो. इथे चिंकारा, लांडगा, खोकड राहतात. चिंकाऱ्यासाठी सुप्याला १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. अलीकडे वनखात्याने शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ सफारीही सुरू केली.

गावोगावचे कागद चाळताना मला एक गोष्ट सतत दिसते. माळाला कागदावर 'पडीक' म्हटले, की त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे हिशेबातून गळतात. मग त्यावर अतिक्रमण होते, नाहीतर चर खणून झाडे लावली जातात. सावलीत गवत मरते आणि गवताबरोबर मेंढपाळाची चराईही जाते.

कायद्यात जागा आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करायला राज्यांना सांगितले. वनहक्क कायदा, २००६ भटक्या पशुपालकांची हंगामी चराईही मानतो. पण आदिवासी नसलेल्या दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. दिवाळीनंतर कोकणाची वाट धरणाऱ्या धनगराने तो कुठल्या उंबऱ्यावरून दाखवायचा?

हिवरे बाजारची चराईबंदी गाजली. तिथे गवत कापून नेतात, म्हणून ती चालते. पण बंदी जशीच्या तशी उचलली, तर तिचा भार ज्याच्याकडे गवत ठेवायला गोठाच नाही त्याच्यावर पडतो. गवताचे वेळापत्रक साधे आहे: पावसाळ्यात वाढायचे, दिवाळीच्या सुमारास बी टाकायचे. तोवर माळ बंद ठेवावा, बी पडल्यावर कापणी करावी, मग मेंढ्या सोडाव्यात. कळप फिरला की लेंडीखतही मिळते.

हे नियम कोणी करायचे, हा खरा प्रश्न आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच अभ्यासासाठी: वापरणारेच नियम ठरवतात आणि राखण करतात, तिथे सामाईक संपत्ती टिकू शकते. म्हणून माळाचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा फक्त सातबारावाल्यांना विचारू नये. वाड्यावरचा मेंढपाळ, शेळ्या वळणारी बाई यांनाही बोलवावे, आणि सभा कळप कोकणात उतरण्याआधी घ्यावी.