गदेची वाटणी

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या आखाड्यात मुळशी तालुक्यातल्या मुठा गावच्या पृथ्वीराज मोहोळने महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. मुळशीकरांचा आनंद दुप्पट होता. ज्या मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली आणि ज्यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय विजेत्याला चांदीची गदा देत आले, ते मामासाहेबही याच मुठ्याचे. पण दोन महिने उलटायच्या आत कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि तिथे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. दोघेही पैलवान कष्टाने जिंकले, दोघांवरही गुलाल पडला, त्यांच्याकडे बोट दाखवायचं कारणच नाही. एकाच हंगामात एकाच किताबाचे दोन मानकरी तयार करणारी कुस्ती संघटनेतली फेररचना वरच्यांच्या सोयीने झाली. तिची किंमत खालच्या तालमींना, गावांना आणि वयात येणाऱ्या पोरांना मोजावी लागते आहे.

किताबाचा जुना इतिहास दर स्पर्धेच्या स्मरणिकेत छापला जातो, त्यामुळे तो इथे पुन्हा उगाळत नाही. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तिथून पुढे नावांची माळ लांबत गेली. मधल्या कित्येक वर्षांत उद्घाटनाची भाषणं आणि सत्कारच जास्त झाले, हेही खरं. महत्त्वाची होती ती या किताबाखालची उतरंड. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पंचमंडळी आखाड्यात जोड लावतात. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. इनाम कुणी लावलं त्याचा पुकारा होतो, हलगी चढत जाते आणि दिवस मावळायला आल्यावर मानाची शेवटची कुस्ती सुटते. जोड तुल्यबळ नसली तर म्हातारी माणसं पंचांना तोंडावर सुनावतात. या फडात नाव झालेलं पोर तालमीत जातं, वस्ताद त्याला जिल्ह्याच्या निवड चाचणीला उतरवतो आणि तिथून माती किंवा गादी विभागातून तो राज्याच्या मैदानात येतो. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात आणि एक केसरी उरतो. जत्रेतल्या रेवडीपासून गदेपर्यंत ही वाट सलग होती, आणि म्हणूनच घरचं दूधदुभतं पोराच्या खुराकाला लावायला बाप तयार व्हायचा.

आपल्या डोळ्यांदेखत गेलेलं दशक आठवून पाहा. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं विजय चौधरी जिंकला. नरसिंग यादवनंतर सलग तीनदा गदा उचलणारा हा पठ्ठ्या. दोघांनाही पुढे राज्य सरकारने पोलीस उपअधीक्षक केलं आणि किताबाला किती किंमत आहे ते खेड्यातल्या पोरांना कळलं. डिसेंबर २०१७ मध्ये स्पर्धा थेट मुळशीत, भूगावला झाली. पुण्याच्या अभिजित कटकेने साताऱ्याच्या किरण भगतला हरवलं. ज्या भागात भाताच्या खाचरांचे प्लॉट पडत होते, जमीन विकून आलेला पैसा पोरांना कुठे नेईल याची धास्ती घराघरात होती आणि ज्याची दुसरी बाजू वर्षभरातच ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमाने पडद्यावर आणली, त्याच भागात काही दिवस चर्चा फक्त पटाची आणि धोबीपछाडीची होती. जालन्याला बाला रफिक शेख जिंकला. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके लढले, दोघेही काका पवारांचे चेले. निकाल लागल्यावर जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. पाच वर्षांनी अहिल्यानगरला एका पैलवानाने पंचाला लाथ मारली आणि अंतिम लढतीत दुसरा निकालावर चिडून मैदान सोडून गेला. या दोन दृश्यांमध्ये जे घडलं ते केवळ पैलवानांच्या स्वभावाचं नाही.

कोरोनामुळे खंड पडून एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटील जिंकला. एका छत्राखालची ती शेवटची स्पर्धा. त्याच उन्हाळ्याअखेर, राज्यात सरकार बदललं त्या सुमारास, ब्रिजभूषण शरण सिंह यांच्या भारतीय कुस्ती महासंघाने शरद पवार अध्यक्ष असलेली राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली. कारण दिलं ते कारभाराचं आणि काही वयोगटांच्या स्पर्धा न घेतल्याचं. रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली नवी संघटना आली, जुनी कोर्टात गेली. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला शिवराज राक्षे जिंकला, पण गाजली ती माती विभागातल्या सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत दिलेल्या चार गुणांवरची भांडणं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराजला हरवून गदा घेतली आणि त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत तोच शिवराज महाराष्ट्र केसरी झाला. एका महिन्यात हरलेला आणि जिंकलेला एकच पैलवान! गंमत अशी, की शिस्तीच्या नावाखाली महाराष्ट्राची परिषद मोडणाऱ्या महासंघाविरुद्ध कोथरूडच्या स्पर्धेनंतर आठवड्याच्या आतच जंतरमंतरवर महिला पैलवान धरण्याला बसल्या. वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने त्याच महासंघाला निलंबित केलं, आणि डिसेंबरात निवडणूक झाल्यावर नियम डावलल्याच्या कारणावरून केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की जुनी परिषद काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. मान्य. तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर होती, कनिष्ठ गटाच्या स्पर्धांबाबत हयगय झाली असेल, तर त्याचा जाब विचारायलाच हवा होता. पण त्यासाठी निवडणूक लावता येते, मुदत घालून देता येते. दिल्लीहून एका पत्राने सगळी परिषद बरखास्त करायची आणि मग तिचाच किताब दोन ठिकाणी वाटायचा, याला सुधारणा म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त लबाड आहे: दोन स्पर्धा झाल्या तर दोघांना संधी मिळते, बक्षिसं वाढतात, थार गाडी मिळते, कुणाचं काय बिघडलं? बिघडलं ते असं. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात खेळाडूचं प्रमाणपत्र कुणी दिलं, त्या संघटनेला मान्यता आहे का, हे तपासलं जातं. गदा एकाच्याच नशिबी असते. पण वजनगटात दुसरा-तिसरा येणाऱ्या मुलासाठी तो कागदच सगळं असतो. आज पौड किंवा पिरंगुटच्या वस्तादाने पोराला कोणत्या गटाच्या चाचणीला पाठवायचं? एकाकडे गेला तर दुसरा नाराज, आणि कोर्टाचा निकाल उलटा लागला तर वर्ष वाया. पंचांचंही तसंच. आपल्याला पटत नसेल तर दुसरा आखाडा आहे, हे पैलवानाला ठाऊक असलं की पंचाच्या शिट्टीची धार जाते. अहिल्यानगरच्या प्रकारानंतर तीन-तीन वर्षांची बंदी घातली गेली, पण ज्या राज्यात दोन संघटना आहेत तिथे बंदी कुणाची आणि कुठपर्यंत?

अमेरिकेत बेसबॉलच्या खालच्या श्रेणीत अशीच फेररचना झाली, तिच्याशी ताडून पाहण्यासारखं आहे. तिथे मोठ्या लीगने २०२१ च्या हंगामापासून छोट्या गावांतले संलग्न संघ सुमारे १६० वरून १२० वर आणले. चाळीसेक गावांच्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी त्या निर्णयात गेल्या, आणि तिथल्या लोकांनी अजून ते माफ केलेलं नाही. पण उरलेल्या खेळाडूंनी संघटना बांधली, २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला आणि पगार दुपटीहून वाढले. जी गावं गळाली त्यांच्यासाठी महाविद्यालयीन किंवा स्वतंत्र लीग तरी उभ्या राहिल्या. म्हणजे त्या फेररचनेत एक निर्दय का होईना, हिशेब होता. आपल्याकडच्या फेररचनेत हिशेबच नाही. तिथे गावं कमी केली, इथे किताब वाढवले, आणि खालच्या पैलवानाच्या हाती दोन्हीकडचं काहीच पक्कं लागलं नाही.

राजकीय माणसांनी कुस्तीपासून लांब राहावं अशी भाबडी मागणी इथे करायची नाही. कुस्तीला आश्रय लागतोच. पूर्वी तो संस्थानिकांनी दिला, मग साखर कारखान्यांनी आणि सहकारातल्या पुढाऱ्यांनी. मामासाहेब स्वतः सार्वजनिक जीवनातलेच होते. फरक इतकाच, की आश्रयदाता पूर्वी इनाम लावायचा आणि जोड पंच लावायचे. आता स्पर्धा कुठे होणार, कोण घेणार आणि कोणत्या पक्षाच्या मंडपात विजेत्याची मिरवणूक संपणार, हे सगळं एकाच हातात आलं आहे. कोथरूडची स्पर्धा एका नेत्याची, अहिल्यानगरची दुसऱ्याची, कर्जतची तिसऱ्याची. पैलवानाचं नाव त्यानंतर. पृथ्वीराज मोहोळ आणि वेताळ शेळके यांनी अशा वाटणीच्या गदा मागितल्या नव्हत्या. दोन्ही संघटनांनी पुढच्या हंगामाआधी एकत्र बसून एक स्पर्धा, एक पंचमंडळ आणि एकच प्रमाणपत्र ठरवावं. ते जमत नसेल तर राज्य सरकारने कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणालाही ‘महाराष्ट्र केसरी’ हे नाव वापरू देऊ नये, आणि सरकारी मानधन व नोकरीसाठी वजनगटातल्या पोरांची दोन्हीकडची प्रमाणपत्रं ग्राह्य धरावीत.