पेट स्कॅनची साखर कुणासाठी थांबत नाही

जमिनीतलं काय मुळाने घेतलं आणि त्यातलं पानापर्यंत किती पोचलं, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. १९२३ साली कोपनहेगन येथे जॉर्ज द हेवेशी या शास्त्रज्ञाने त्यावर युक्ती काढली. शेंगवर्गीय रोपांना त्याने किंचित किरणोत्सारी शिसे मिसळलेले पाणी दिले आणि मुळात किती, पानात किती गेले ते किरणांवरून मोजले. या माग काढण्याच्या पद्धतीबद्दल त्याला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रोपावर केलेली हीच युक्ती आज माणसाच्या अंगातला कॅन्सर हुडकते. या तपासणीला पेट स्कॅन म्हणतात.

यात फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी पदार्थ साखरेला जोडून शिरेतून टोचतात. तण जसं पिकाआधी खत ओढून घेतं, तशा कॅन्सरच्या बऱ्याच गाठी साखर जास्त ओढतात. ही साखर पेशीत शिरते, पण पचत नाही, तिथेच अडकते. तिथले किरण यंत्र टिपते. गाठ कुठे आहे, पसरली का, उपचाराने कमी झाली का, हे डॉक्टरांना दिसते.

ही साखर अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाली. जपानहून तिथे संशोधनासाठी गेलेले तात्सुओ इदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रसायन जमवले. १९७६ च्या ऑगस्टमध्ये ती विमानाने फिलाडेल्फियाला नेली आणि प्रथमच माणसाला टोचली. विमानाची घाई एवढ्यासाठी, की फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. सकाळी ८ वाजता १०० भाग असेल, तर ९.५० ला ५०, ११.४० ला २५ आणि दीडला साडेबारा भाग उरतो. दूध बर्फात टिकते, इथे बर्फही कामाचा नाही.

म्हणूनच पीएच.डी. झालेले तरुण रसायनतज्ज्ञ आजही पुढची काही वर्षे याच संशोधनात घालवतात. जोडणी लवकर कशी होईल, शुद्ध कशी होईल, एवढाच ध्यास. हे फ्लोरीन सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार होते. आपल्या देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

आता आपल्या कामाचं. पेट स्कॅनची तारीख मिळाली, की एसटीच्या भरवशावर राहू नका. शक्यतो आदल्या रात्रीच शहरात मुक्कामाला जा. दोन तास उशीर म्हणजे निम्म्याहून जास्त औषध वाया, आणि पुन्हा नवी तारीख. आदल्या दिवशी नांगरट, पोती उचलणं अशी अंगमेहनत नको, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात आणि चित्र फसवं येतं. सांगितलेले तास उपाशी राहा, गोड चहासुद्धा नको, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर तारीख घेतानाच सांगा.

तपासणीनंतर भरपूर पाणी प्या. सांगितलेले तास लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब बसा. दुसऱ्या दिवसापर्यंत किरण जवळपास संपलेले असतात, तेव्हा त्या माणसाला वाळीत टाकल्यासारखं वागवू नये. सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताईंनी गावातल्या अशा रुग्णाची चिठ्ठी स्वतः वाचून त्याला समजावून सांगावी. वेळ पाळली, तरच तपासणीचा उपयोग आहे.