चित्र आपलं, कुलूप कंपनीचं

मोजमापाचं जग : भाग ११

मागच्या भागात आपण कंटेनरचं माप पाहिलं. वीस फुटी आणि चाळीस फुटी पेट्या जगभर सारख्या झाल्या, म्हणून अंबरनाथ एमआयडीसीत भरलेला माल न्हावा शेव्याला क्रेनवर चढतो आणि रॉटरडॅमला तशाच क्रेनने उतरतो. पेटीचं माप जुळलं. पेटीच्या पोटात डोकावणाऱ्या यंत्रांचं मात्र अजून पुरतं जुळलेलं नाही. आज त्याविषयी.

बदलापूरहून फास्ट पकडून घाटकोपरला मेट्रो बदलणाऱ्यांना यातलं लहान यंत्र रोज भेटतं. बॅग पट्ट्यावर टाकायची आणि पलीकडे जाऊन उचलायची. मधल्या दोन-चार सेकंदांत पडद्यावर पाण्याची बाटली आणि सफरचंद नारिंगी दिसतात, स्टीलचा डबा निळसर, तर या दोहोंच्या मधले पदार्थ हिरवे. हे रंग वस्तूंचे नव्हेत. यंत्र कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांचे क्ष-किरण किती अडले ते मोजतं, त्या दोन आकड्यांवरून पदार्थाचा सरासरी अणुक्रमांक काय असावा याचा अंदाज बांधतं आणि त्या अंदाजाला रंग देतं. म्हणजे पडद्यावर दिसतो तो निष्कर्ष. खरा ऐवज त्यामागचे आकडे. रंगांचा संकेत बहुतेक कंपन्या पाळतात, पण आकडे जपून ठेवण्याची तऱ्हा ज्याची त्याची. एकीच्या यंत्रातली फाईल दुसरीच्या संगणकावर उघडेलच असं नाही.

रुग्णालयांना हे दुखणं आधी झालं होतं. १९७०च्या दशकात सीटी स्कॅन आला. चित्रं संगणकात साठू लागली आणि प्रत्येक कंपनीने आपलं कपाट वेगळं केलं. अखेर १९८३ साली अमेरिकेतल्या क्ष-किरण तज्ज्ञांची संघटना आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना ‘नेमा’ एका टेबलाशी बसल्या. १९८५मध्ये पहिलं प्रमाण आलं आणि १९९३मध्ये त्याचं आजचं रूप, ‘डायकॉम’.

त्याचा लाभ आपण सगळे घेतो. उल्हासनगरात काढलेल्या स्कॅनची सीडी घेऊन नातेवाईक परळच्या केईएममध्ये जातात, आणि तिथलं यंत्र वेगळ्या कंपनीचं असलं तरी डॉक्टरांना ती पाहता येते. सीडी घरच्या संगणकात घालून बघा, ‘डायकॉमडिर’ नावाची एक फाईल सापडेल. ती म्हणजे आतल्या चित्रांची अनुक्रमणिका. प्रत्येक चित्राच्या फाईलमध्ये सुरुवातीला १२८ बाइटची राखीव जागा, तिच्यामागे डी, आय, सी, एम ही चार इंग्रजी अक्षरं आणि मग क्रमांक घातलेले रकाने. ००१०,००१० या रकान्यात रुग्णाचं नावच असणार, दुसरं काही नाही. सातबारा अंबरनाथ तालुक्यातला असो की गडचिरोलीतला, खातेदार कुठे शोधायचा हे तलाठ्याला विचारावं लागत नाही, तसंच हे.

मग हाच नमुना बॅगांसाठी का वापरू नये? हाच प्रश्न अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याला पडला. त्याच्या पाठबळावर ‘नेमा’ने डायकॉमच्याच पायावर ‘डायकॉस’ हे प्रमाण बांधलं. पहिली आवृत्ती २०१०ची. त्यात रुग्णाच्या जागी ‘तपासणीची वस्तू’ आली. ती बॅग असेल, पार्सल असेल किंवा खुद्द प्रवासी. दुसरा बदल जास्त मोलाचा आहे. यंत्राला काही संशयास्पद वाटलं तर त्याचा अहवाल चित्रात मिसळून न टाकता स्वतंत्र नोंदवायचा: संशय चित्राच्या कोणत्या भागावर आहे, कशाचा आहे, किती खात्रीचा आहे.

चित्र आणि अहवाल असे वेगळे झाले की यंत्र एकाचं आणि पारख दुसऱ्याची, हे शक्य होतं. क्ष-किरणांची नळी आणि पट्टा बरीच वर्षं चालतात. धोका ओळखणारं सॉफ्टवेअर त्याआधीच जुनं होतं. प्रमाण नसेल तर नवी पारख हवी म्हणून धडधाकट यंत्र मोडीत काढावं लागतं, नाहीतर मूळ कंपनी मागेल त्या भावाने तिच्याकडूनच घ्यावी लागते. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, फायली हाताळणाऱ्या कुठल्याही कारकुनाला हे गणित समजावून सांगायला नको.

न्हावा शेव्याला हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. तिथे कस्टम्सचा कंटेनर स्कॅनिंगचा स्वतंत्र विभाग आहे. जोखमीच्या हिशेबाने निवडलेला कंटेनर न उघडता तपासतात आणि अधिकारी चित्राशेजारी कागदपत्रं ठेवून पाहतो: कागदावर कापड म्हटलंय, तर चित्रात ही घट्ट काळी लादी कसली? जगभरच्या कस्टम्समध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं असल्याने जागतिक सीमाशुल्क संघटनेने कंपन्यांना सोबत घेऊन ‘युनिफाइड फाइल फॉरमॅट’ तयार केला. एका बंदरातलं चित्र दुसऱ्या बंदरात उघडलं, तर मधल्या प्रवासात पेटीत काही शिरलं का हे ताडता येतं. शिवाय संगणकाला धोका ओळखायला शिकवायचं तर चित्रांचा ढीग लागतो, आणि तो दहा कुलपांत वाटलेला असून चालत नाही.

यावर हमखास आक्षेप येतो: सगळं खुलं केलं तर घातपात करणाऱ्यांचंच फावेल. पण प्रमाण सांगतं ते चित्र कुठल्या रकान्यात ठेवायचं, एवढंच. यंत्र कशाला बिचकतं आणि कशाला सोडून देतं, हे गुपित गुपितच राहतं. फाईल चोरीला जाऊ नये यासाठी सांकेतीकरण आणि अधिकारांची शिस्त लागते, ती मात्र वेगळी करावीच लागते. कंपनीच्या खास नमुन्यात ठेवली म्हणून फाईल सुरक्षित झाली, असं समजणं ही स्वतःची फसवणूक आहे.

मग डायकॉम पंधरा-वीस वर्षांत घरोघरी पोचलं आणि डायकॉसची चाल मंद का? रुग्णालयं हजारो, त्यांची मागणी रोजची. कंपन्यांना नमावं लागलं. सुरक्षा यंत्रांचे गिऱ्हाईक मोजकेच: विमानतळ, कस्टम्स, मेट्रो. ते सगळे मिळून मागत नाहीत तोवर कुलूप काढण्यात कंपनीचा फायदा नाही. युरोपात हे ओळखून विमानतळांच्या संघटनेने २०२०मध्ये हीथ्रोच्या पुढाकाराने खुल्या रचनेचा मसुदा काढला. आधी गिऱ्हाईक एकत्र आले, मग विक्रेत्यांशी बोलणी.

आपल्याकडे ही संधी दाराशी आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. कांजूरमार्ग–बदलापूर मेट्रो १४ प्रस्तावित आहे. अशा ठिकाणी यंत्रं बसतील ती निविदा काढूनच, आणि निविदेतल्या एका कलमाला वेगळा पैसा लागत नाही: यंत्रातली फाईल दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर, खरेदी समितीसमोर, उघडून दाखवा, दाखवता आली नाही तर बिल अडेल. प्रमाण तज्ज्ञ लिहितात, पण ते लागू होतं ते अशा कलमांनी.

(पुढील भागात : लोकल, मेट्रो आणि बस यांना मिळून एक कार्ड)