गोल्टी, मध्यम, मोठा : पहिलीच्या आधीचा अभ्यास

वाचकहो, एप्रिल उजाडला की आपल्या जिल्ह्यात कुठल्या कामाला आधी हात घालावा हेच कळत नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची खरड छाटणी, कळवण-बागलाणात उन्हाळ कांद्याची काढणी, आणि पेठ-सुरगाण्याकडची घरंच्या घरं त्या कामांवर खाली उतरलेली. अशा धांदलीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निरोप येतो, "मेळावा आहे, पोराला घेऊन या." जे पोरगं अजून पहिलीत बसलेलंच नाही त्याचा कसला आलाय मेळावा, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. मी पडलो पंचायत समितीतला शेतीचा माणूस. बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेच्या विहिरींचे कागद घेऊन एका पाड्यावर गेलो होतो. सरपंचताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, विहीर काही पळून जात नाही. आधी शाळेत चला."

गेलो. व्हरांड्यात ओळीनं टेबलं मांडलेली. पहिल्यावर नावनोंदणी. पुढे एका ठिकाणी पोरांनी खडूच्या रेघेवरून चालायचं, दोरीवरून उडी मारायची. दुसरीकडे वस्तू ओळखायच्या, लहान-मोठं वेगळं करायचं. कुठे चित्र बघून बोलायचं, कुठे खडे मोजायचे, कुठे नाव-गाव सांगायचं, आणि शेवटी आईबापाशी बोलणं. अशी सात टेबलं. परीक्षा नाही, पास-नापास नाही. पोराला काय येतं आणि काय अजून करून घ्यायचं हे टिपून एक विकास पत्र आईच्या हातात देतात. जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा. मधल्या आठवड्यांत काय फरक पडला ते तेव्हा बघायचं.

'पहिले पाऊल' या नावानं हे शाळापूर्व तयारी अभियान राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं २०२२ च्या एप्रिलात सुरू केलं. 'प्रथम' ही संस्था त्यात सोबत आहे. वेळ अशी होती की मार्च २०२० पासून करोनामुळे अंगणवाड्यांना कुलूप. जी पोरं २०२२ मध्ये पहिलीला आली, त्यातल्या कितीतरी जणांनी घराबाहेर चार पोरांत बसणं म्हणजे काय ते पाहिलेलंच नव्हतं. भाताचं रोप गादीवाफ्यावर तयार न करता उचलून चिखलात खोचलं तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण ही कल्पना काही २०२२ ची नाही. आपल्या त्र्यंबक-पेठच्या घाटाखाली, आजच्या पालघर जिल्ह्यात, कोसबाडची टेकडी आहे. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात मी एकदा प्रशिक्षणाला गेलो होतो. गवताच्या जातींवरचं व्याख्यान संपलं आणि सोबतचे म्हणाले, चला, ताराबाईंची जागा बघू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र काढलं आणि १९५७ साली ते काम कोसबाडला वारली पाड्यांत नेलं. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात न्या. अंगणवाडी ती हीच. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणात शाळा भरवली. महागडी खेळणी नव्हती. बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हेच साहित्य. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनी. आज राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. त्यातल्या सेविकांना मानधनासाठी डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावं लागलं होतं, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

आता माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे मेळाव्यात माझं मन का अडकलं ते कळेल. मी बागलाणातला. घरात अहिराणी. तीस वर्षं होत आली, पहिलीत गेलो त्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव काय?" आमच्याकडे 'वडील' हा शब्दच नव्हता, बापाला सगळे दादा म्हणायचे. "तुना दादानं नाव काय शे?" असं कोणी विचारलं असतं तर ओरडून सांगितलं असतं. मी गप्प. वर्ग हसला, आणि पाठीत एक बसली. पुढचे पंधरा दिवस मी दप्तर घेऊन घरातून निघायचो आणि कांद्याच्या चाळीमागे बसून राहायचो. आजीनं पकडलं म्हणून वाचलो. माझ्यासोबतचा एक जण परत शाळेत गेलाच नाही. तो आज दुसऱ्याच्या बागेत फवारणी करतो. औषधाच्या बाटलीवरचं मलाच फोन करून विचारतो, "भाऊ, किती टाकू?" बाटलीचा फोटो पाठवतो, मी वाचून सांगतो. बरोबर नापास झालेला नाही हो तो, शाळेत बसलाच नाही.

म्हणून त्या पाड्यावर बाईंनी एका पोरीशी आधी कोकणीत बोलणं काढलं आणि मग हळूच मराठीत आणलं, तेव्हा मला बरं वाटलं.

खरं काम मात्र दोन मेळाव्यांच्या मधे होतं, आणि ते करतात आया. पाच-सहा घरांतल्या आयांचा एक माता गट, त्यातली एक पुढाकार घेणारी. आठवड्याला मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ येतो किंवा शाळेतून कार्ड मिळतं, त्याप्रमाणे पोरांकडून करून घ्यायचं. मोबाईलला रेंज नसली तरी अडत नाही, हे मी पाहिलंय. एका घरी नागली, वरई आणि खुरासणी एकत्र करून पोराला वेगळी करायला बसवलं होतं. बोटांना अशी सवय झाली की पेन्सिल जड जात नाही. कांद्याच्या ढिगावर दुसरी आई पोरीला सांगत होती, "गोल्टी इकडं, मध्यम तिकडं, मोठा पाटीत." पोरगी निवडता निवडता मोजत होती. अकरानंतर एकदम पंधरा म्हणाली, तर आजीनं लगेच टोकलं. आजी स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती! बाप मंडळी कुठे दिसली नाहीत, हे मात्र लिहायलाच हवं. माता गट हे नाव ऐकून आपलं काम नव्हे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं दिसतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एप्रिलचा मेळावा पाड्यावर भरतो तेव्हा ज्या पोरांना त्याची जास्त गरज, ती पोरं आईबापाबरोबर दिंडोरीच्या बागेत असतात. वेलीखाली ओढणीची झोळी, थोरलं पोरगं धाकट्याला झोका देतंय, हे चित्र तुम्ही रोज बघता. जूनला ही माणसं परततात ती थेट भाताच्या राबात. दोन्ही मेळावे हुकले.

तर बागायतदार मंडळी, हे तुम्हाला उद्देशून. तुमच्या गावातही अंगणवाडी आहे. कामावर आलेल्या मजुरांची तीन ते सहा वर्षांची पोरं तिथे बसू शकतात, खाऊही मिळतो. मजुरांची टोळी ठरवताना उचल किती, एकराचा भाव काय, हे सगळं बोलता. सोबत पोरं किती आणि केवढी, एवढं विचारा. सकाळी ट्रॅक्टर बागेकडे जाताना अंगणवाडीच्या दारात दोन मिनिटं थांबवा. सेविकाताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर पातेल्यात तेवढा भात नसतो. गावातल्या शाळेत मेळावा असेल त्या दिवशी मजूर आयांना दोन तास सुट्टी द्या, मजुरी न कापता.

माझ्या ओळखीच्या एका द्राक्षवाल्यानं हे करून पाहिलं. पोरं बागेत नसल्यानं फवारणीच्या वेळची धास्ती गेली, असं तो सांगतो. त्याचा हिशोब तसा, माझा असा. छाटणी उरकून टोळी गावी निघाली तेव्हा एका आईनं अंगणवाडीतून मिळालेला पोराचा चित्राचा कागद घडी करून रेशनकार्डात ठेवला आणि मला विचारलं, "साहेब, आमच्या शाळेत हा दाखवला तर चालंल ना?"