गांवाचा तेलघाणा

शास्त्राच्या तासाला जैतुनाचें नांव निघालें कीं वर्गांतून एक प्रश्न ठरलेला असतो, "गुरुजी, त्या फळांतून तेल काढितात तरी कसें?" गेथशेमाने या नांवाचा अर्थच 'तेलाचा घाणा' असा आहे, हें सांगितलें म्हणजे मुलांस मोठें नवल वाटतें. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास एक जुना घाणा आम्हांस फार सोयीचा वाटतो. तो यहूदी देशांतला नाहीं. ग्रीस देशाच्या लेस्बॉस बेटावर आयिया पारास्केवी नांवाचें एक खेडें आहे, तेथला आहे. पौल प्रेषिताचें तारूं ज्या मितुलेनेस बंदरास लागलें (प्रे. कृ. २०:१४), तें याच बेटाचें मुख्य शहर होय.

आमच्याकडील घाणा तीळ, करडई, भुईमूग असलें कोरडें बीं एकाच उखळांत चिरडतो आणि पिळतोही. जैतुनाचें तसें नाहीं. तें रसाळ फळ आहे. त्यांत तेलाबरोबर कडू, काळपट पाणीही पुष्कळ असतें. म्हणून तेथें काम तीन टप्प्यांनीं चालतें. प्रथम दगडी थाळ्यांत उभीं ठेविलेलीं मोठालीं चाकें फिरवून फळ बाठ्यासकट वाटून लगदा करितात. तो लगदा केसांच्या जाड विणलेल्या पिशव्यांत पसरून, त्या पिशव्या एकावर एक रचून दाबयंत्राखालीं ठेवितात व वरून ऊन पाणी ओतितात. दाब पडतांच तेल व पाणी मिळून खालीं झरतें. हें मिश्रण स्थिर राहूं दिलें म्हणजे तेल आपोआप वर येतें, तें काढून घ्यावयाचें. साधारण पांच शेर फळांस शेरभर तेल, असा हिशेब धरावा. आमची पेंड गुरांच्या मुखीं जाते. तेथें बाठ्यांचा उरलेला चोथा भट्टींत जाई, आणि त्याच आंचेवर पाण्याची वाफ होऊन यंत्र चाले. म्हणजे फळानेंच फळ पिळावयाचें!

पूर्वी हीं चाकें जनावरें ओढीत व दाबयंत्राचा मळसूत्री खांब माणसें फिरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेटावर वाफेचीं यंत्रें आलीं. काम झपाट्यानें होऊं लागलें खरें, पण असलें यंत्र घेण्याची ऐपत धनिकांचीच. शेतकऱ्यानें फळ न्यावें, मालकानें गाळणावळ म्हणून तेलाचा वांटा ठेवून घ्यावा, अशी रीत होती. शिवाय तोडलेलें फळ फार दिवस ढिगांत राहिलें तर तें तापतें, आंबतें, आणि तेल बिघडतें. तेव्हां घाण्यावर आपली पाळी केव्हां लागते, यावर गरिबाच्या वर्षभराच्या श्रमाचें मोल अवलंबून असे.

आयिया पारास्केवीच्या लोकांनीं यावर जो उपाय काढिला, त्यासाठींच हा लेख आम्हीं लिहावयास घेतला. १९१० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत गांवकऱ्यांनीं पुढाकार घेऊन गांवाच्या मालकीचा वाफेचा घाणा उभारिला. याच सुमारास, १९१२ सालीं, बेट तुर्कांच्या अमलांतून ग्रीसच्या हातीं आलें. इतक्या धामधुमीच्या काळीं खेड्यांतील माणसांनीं बाष्पयंत्र, धुराडें आणि दगडी इमारत यांचा भार उचलावा, हें आम्हांस लहान काम वाटत नाहीं. लोक त्यास 'सर्वांचें यंत्र' म्हणत. गाळणावळींतून जें शिल्लक राही तें कोणा एकाच्या तिजोरींत न जातां गांवाच्या गरजांकडे जाई, आणि त्या गरजांत शाळा ही एक मुख्य होती. आमच्या पालकांस 'इमारत-फंड' हा शब्द समजावून सांगावयास नको. तेथें तो फंड जैतुनाच्या लगद्यांतून झरत होता, इतकेंच!

१९६७ सालीं हें यंत्र थांबलें. पुढें पिरियस बँक समूहाच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानानें इमारती व यंत्रें दुरुस्त करून तेथें संग्रहालय केलें. तें २००६ सालीं लोकांस खुलें झालें. गांवानें उभारलेली वस्तु राखावयास बँक यावी लागली, याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें. पण मोडींत जाण्यापेक्षां हें शतपटीनें बरें. बाष्पयंत्र, दगडी चाकें, दाबयंत्रें आणि तेल वेगळें करणारीं यंत्रें तेथें पहावयास मिळतात, आणि वाफेनंतर काय काय आलें तेंही क्रमानें कळतें.

आमचें मन मात्र या यंत्रांपेक्षां आवारांतील कोठ्यांकडेच अधिक ओढ घेतें. त्या ओळीनें बांधलेल्या लहान लहान खोल्या आहेत. पाळी येईपर्यंत प्रत्येक शेतकरी आपलें फळ त्यांत निराळें ठेवी. यंत्र सर्वांचें, पण फळ ज्याचें त्याचें. एकाचें दुसऱ्याच्यांत मिसळूं नये म्हणून मध्यें भिंत. आज त्या कोठ्यांत फळ नाहीं. घाणा बांधणाऱ्या व त्यावर राबणाऱ्या माणसांची माहिती तेथें मांडून ठेविली आहे.