सतरा सेंटिमीटरची कसोटी

मिनी-आयटीएक्स मदरबोर्डाची प्रत्येक बाजू जेमतेम १७ सेंटिमीटर. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१मध्ये हा आकार आणला, तो कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या संगणकांसाठी. आज गेमिंगवाले त्याच चौकोनात इंटेलचा कोअर आय-९ १४९००के बसवतात. २४ कोअर, ३२ थ्रेड आणि पूर्ण जोरात २५३ वॅट वीज खाणारा प्रोसेसर! सॉकेट मोठ्या बोर्डांवरचेच असल्याने तो बसतो, चालूही होतो. पण पूर्ण ताकदीने किती वेळ तग धरतो, ते तपासायला हवे.

पॉवर सप्लायकडून येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा. व्होल्टेज उतरवण्याचे हे काम सॉकेटच्या कडेची व्हीआरएम यंत्रणा करते. सव्वा व्होल्टला २५३ वॅट म्हणजे सुमारे २०० अँपिअर प्रवाह. घरातला दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरही घेत नाही. या रूपांतरात दहा टक्के वीज वाया गेली, तरी २५ वॅटहून जास्त उष्णता बोर्डावरच साठते. नेहमीच्या एटीएक्स बोर्डाच्या तुलनेत इथे जागा दोन-पंचमांशही नाही, त्यामुळे हीटसिंकही छोटे.

म्हणूनच दोन मिनिटांच्या बेंचमार्कचा आकडा फसवा असतो. सिनेबेंच ही चाचणी सलग अर्धा तास चालवावी आणि क्लॉक, वॅट, तापमान यांवर नजर ठेवावी. प्रोसेसर १०० अंशांना टेकून मंदावला, तर दोष कूलरचा किंवा कोंदट केसचा. तो त्याखाली असताना, वॅटची मर्यादा न गाठताच क्लॉक घसरला, तर संशय व्हीआरएमवर घ्यावा. खोलीचे तापमानही नोंदवावे. वातानुकूलित खोलीतला निकाल मे महिन्यातल्या नागपुरात टिकणार नाही.

चाचणीआधी बायोस अद्ययावत हवे. अनेक बोर्ड मूळ सेटिंगमध्येच वॅटची मर्यादा जवळपास उठवून देत. त्यातच तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून खराब होत असल्याचे इंटेलने २०२४मध्ये मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यामुळे इंटेलच्या मूळ मर्यादेतला निकालच खरा धरावा.

गेमिंगमध्ये मात्र सगळे कोअर एकदम राबत नाहीत, वीजही बरीच कमी लागते. शिवाय रॅमचे दोनच स्लॉट आणि आखूड जोडण्या यांमुळे वेगवान मेमरी या बोर्डांवर उलट सहज चालते. प्रोसेसरचे शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. त्यामुळे मर्यादा १२५ वॅटवर आणली तरी वेग निम्मा होत नाही, गेममध्ये तर फरक क्वचितच जाणवतो. तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याने मोठा बोर्ड घ्यावा. खेळणाऱ्याने छोटा घ्यावा आणि वॅटला लगाम घालावा.