ऑक्सफर्डचा सरकता गुडघा

गुडघा बिजागरीसारखा उघडतो-मिटतो, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात मांडीचं हाड नडगीच्या हाडावर घरंगळतं आणि घसरतंही. मधल्या कूर्चेच्या गाद्या त्याच्याबरोबर मागंपुढं सरकतात.

हे सरकणं कृत्रिम सांध्यात आणलं ते ऑक्सफर्डमधल्या दोघांनी: अस्थिशल्यविशारद जॉन गुडफेलो आणि विद्यापीठातले अभियंते जॉन ओ'कॉनर. त्यांच्या सांध्यात वरचा धातूचा भाग गोलाकार, खालचा सपाट. मध्ये पॉलिइथिलीनची छोटी चकती, वरून वाटीसारखी खोलगट, खालून सपाट आणि चक्क सुटी! ती सरकत असल्यानं दोन्ही बाजूंचा स्पर्श भरपूर राहतो, भार पसरतो आणि प्लास्टिक कमी झिजतं. १९७६ मध्ये हा सांधा प्रथम रुग्णाला बसवला.

१९८२ पासून तो गुडघ्याची फक्त झिजलेली बाजू बदलायला वापरला जाऊ लागला. सगळ्यात मोलाचा धडा रुग्णांच्या नोंदींनी दिला. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध शाबूत असेल, तिथं सांधा चांगला टिकतो. तुटलेला असेल, तिथं निकामी होण्याचं प्रमाण बरंच जास्त. हा बंध हाडांची चाल सांभाळतो, हे गणित अभियंत्याचं. तो शाबूत आहे का, हे पाहायचं शल्यविशारदानं.